सुरत: धुरांडी मोजली, आता सायलेन्सर

उधना दरवाज्याहून सचिनकडे जाणारा रस्ता म्हणजे सुरतेची धमनी. कापडाच्या गाठी लादलेले टेम्पो, रिक्षा आणि डाईंग मिलमध्ये निघालेल्या कामगारांच्या दुचाक्या यांची इथे दाटी असते. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबं राहतात. या रस्त्याचा धूर त्यांच्या रोजच्या श्वासात आहे.

धूर मोजून आवरता येतो, हे सुरतेनेच दाखवलं. इथल्या सुमारे तीनशे कारखान्यांच्या धुरांड्यांवर सतत मोजणारी यंत्रं बसली. २०१९ मध्ये त्यातल्या सुमारे निम्म्या कारखान्यांनी मिळून किती कण सोडायचे याची मर्यादा ठरली आणि कमी सोडणाऱ्याला उरलेला परवाना विकण्याची मुभा मिळाली. सूक्ष्म कणांसाठी जगातली ही पहिली अशी बाजारपेठ. योजनेतल्या कारखान्यांचं उत्सर्जन बाहेरच्या कारखान्यांपेक्षा २० ते ३० टक्के कमी झालं.

वाहनांचं काय?

धुरांड्याचा धूर निदान उंचावर जातो. सायलेन्सरचा थेट नाकाशी येतो. त्यातले पीएम २.५ कण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे असतात. ते फुप्फुसात खोलवर शिरतात, काही रक्तातही उतरतात. हवेच्या एका घनमीटरमागे त्यांची वार्षिक सरासरी ५ मायक्रोग्रॅमवर जाऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारताचं मानक ४० आहे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे उत्सर्जन मानक आलं, इंधनातलं गंधक घटलं. पण जुन्या गाड्या रस्त्यावरच आहेत. पीयूसी ही प्रदूषण चाचणी पेट्रोल गाडीतले काही वायू आणि डिझेल धुराचा दाटपणा तपासते; गाडी वर्षभरात किती कण सोडते, हे तिथे कळत नाही. शिवाय टायर, ब्रेक आणि उडणारी धूळ यांची भर वेगळीच. ती विजेवरच्या गाडीनेही संपत नाही.

म्हणून गाड्यांची संख्याच कमी व्हायला हवी. जानेवारी २०१४ मध्ये याच उधना-सचिन मार्गावर सुरतेची पहिली बीआरटीएस, म्हणजे स्वतंत्र मार्गिकेवरची जलद बस, धावली. आज तिचं जाळं शंभर किलोमीटरहून लांब आहे, त्यात विजेवरच्या बसही आहेत. २०२४ च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात दहा लाखांवरच्या शहरांत सुरत पहिली आली. मात्र हे गुण मुख्यतः केलेल्या उपायांचे असतात; पहिला क्रमांक म्हणजे देशातली सर्वांत शुद्ध हवा नव्हे.

बस वेळेवर यावी, थांब्यापर्यंत पायी जाता यावं, पाळी सुटल्यावरही ती मिळावी. मिलमधल्या कामगाराची दुचाकी घरी राहील ती एवढं झाल्यावरच, आणि महापालिकेने आता याच कामाला हात घालायला हवा.