प्रश्न विचारण्याची विद्या : पॉडकास्टच्या निमित्ताने



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांनी मला दिलेला एक ठपका मी अद्याप विसरलेलो नाही. शाळेच्या हस्तलिखितासाठी मी इंदूरच्या एका कापड गिरणीतील वृद्ध कामगाराची मुलाखत घ्यावयास गेलो होतो. दहा प्रश्न कागदावर लिहून नेले होते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता देता ते काका म्हणाले, "त्या संपात पहिल्या दिवशी मी एकटाच आत गेलो होतो. का गेलो, ते आजवर कुणी विचारलं नाही." मी मान डोलावली आणि कागदावरचा चौथा प्रश्न विचारला! गुरुजींनी त्या ओळीखाली लाल रेघ ओढली व एवढेच म्हणाले, "प्रश्न विचारलेस, पण ऐकलं नाहीस." पुन्हा जाऊ, पुन्हा जाऊ म्हणता परीक्षा आली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत काका गेले. ते उत्तर त्यांच्यासमवेत गेले.

आजचा विषय मी निवडला तो या लाल रेघेमुळे. 'पॉडकास्ट' हा शब्द आपल्या नातवंडांच्या तोंडी असतो. त्यामागील वस्तू मात्र आपल्यातील अनेकांना अपरिचित आहे. हा इंटरनेटवर ठेवलेला ध्वनिमुद्रित कार्यक्रम होय. परंतु नुसते ध्वनिमुद्रण ठेवणे म्हणजे पॉडकास्ट नव्हे. मासिकाची वर्गणी भरली म्हणजे अंक जसा आपसूक घरी येतो, तसा नवा भाग श्रोत्याच्या यंत्रात आपोआप उतरावा, अशी यात योजना असते. कार्यक्रमाची एक यादी असते, तीत प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा पत्ता नोंदलेला असतो आणि श्रोत्याचे यंत्र ती यादी वेळोवेळी तपासते. अशा यादीस ध्वनिमुद्रण जोडण्याची सोय अमेरिकेतील डेव्ह वायनर यांनी २००० सालच्या अखेरीस केली. आकाशवाणीवर वेळ ठरलेली, कालावधी ठरलेला. येथे ही दोन्ही बंधने गळून पडतात.

विशेष असे की या माध्यमाच्या अगदी आरंभीच्या कार्यक्रमांत मुलाखती होत्या. २००३ च्या उन्हाळ्यात हार्वर्ड विद्यापीठाच्या परिसरात ख्रिस्तोफर लायडन यांनी वायनर यांच्या साहाय्याने संभाषणे ध्वनिमुद्रित करून या पद्धतीने प्रसृत केली. लायडन पूर्वी 'न्यूयॉर्क टाइम्स'चे राजकीय वार्ताहर होते आणि पुढे नभोवाणीवर मुलाखतकार म्हणून गाजले होते. राजकारण, नवे विचार आणि निखळ कुतूहल हेच त्यांचे विषय. तेव्हा 'पॉडकास्ट' हे नावही रूढ नव्हते. ते फेब्रुवारी २००४ मध्ये 'द गार्डियन'मधील बेन हॅमर्सली यांच्या लेखात आले. 'आयपॉड' हे खिशातले यंत्र आणि प्रसारणासाठीचा इंग्रजी शब्द यांचा तो संधी. २०२२ साली आयपॉडचे उत्पादन थांबले; नाव मात्र राहिले.

आपल्या देशातील एक उदाहरण घेऊ. अमित वर्मा यांनी २०१७ साली 'द सीन अँड द अनसीन' हा इंग्रजी कार्यक्रम सुरू केला. फ्रेंच अर्थचिंतक बास्तिया यांच्या १८५० सालच्या एका निबंधावरून हे नाव घेतले आहे. फुटलेली काच बसविल्याने काचवाल्यास काम मिळाले, हे सर्वांस दिसते. तोच पैसा अन्यत्र खर्च होऊन ज्या चांभाराला काम मिळाले असते, तो कोणास दिसत नाही. राजकारणातील निर्णयही असेच असतात. त्यांचा दिसणारा लाभ जाहीर होतो, न दिसणारे मूल्य कोणी विचारल्यावाचून उजेडात येत नाही. या कार्यक्रमाचे आरंभीचे भाग लहान होते. पुढे ते कित्येक तासांचे झाले. याचे कारण मला सरळ वाटते. पाहुण्याजवळ पाठ केलेली उत्तरे असतात आणि ती पहिल्या अर्ध्या तासात संपतात. त्यानंतर तो विचार करून बोलू लागतो.

अर्थात लांबी म्हणजे खोली नव्हे. येथे संपादकाची कात्री बहुधा नसते, म्हणून चुकीचे विधान तसेच हजारो कानांपर्यंत जाते. पाहुण्याची नुसती स्तुती करणारा मुलाखतकार चार तास बोलला तरी श्रोत्याच्या पदरी काही पडत नाही. पूर्वाभ्यास हवा आणि ऐनवेळी तो बाजूस ठेवण्याचे धैर्यही हवे. प्रश्नांचा कागद टाळून चालणार नाही, पण त्याचा दास होऊनही चालणार नाही. ही विद्या यंत्र शिकवीत नाही.

शेवटी आपल्या घरचे. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या देण्याचा प्रश्न डिसेंबर २०२३ मध्ये मार्गी लागला, तोवर त्यांतील कित्येक हयात नव्हते. त्यांच्या रकमेचा हिशेब कागदोपत्री सापडेल; त्या बत्तीस वर्षांचा हिशेब कोणत्या दप्तरात सापडणार? तो माणसांच्या बोलण्यात आहे, आणि आपल्या माळव्यातील मराठी घरांत तो आपल्या वळणाच्या मराठीत आहे. आज विद्यार्थ्याच्या हातातील मोबाइल एवढ्या कामाला पुरेसा आहे. शाळेने प्रतिवर्षी दहा वृद्धांच्या मुलाखती, त्यांच्या संमतीने, मुद्रित कराव्यात अशी माझी नम्र सूचना आहे.

मात्र मुलांना पाठविण्यापूर्वी त्यांना एक गोष्ट सांगावी : कुणी म्हणाले की "हे आजवर कुणी विचारलं नाही", तर कागद मिटावा, आणि विचारावे, "का, काका?"