‘पब्लिश’ दाबल्यानंतर

बँका, कारखाने, विमा कंपन्या ज्या सॉफ्टवेअरवर चालतात, ते बनवणाऱ्या कंपन्यांमधल्या ब्लॉगांची अधिकृत कहाणी आता सर्वांना पाठ आहे. कंपन्या मोकळ्या झाल्या, कर्मचारी बोलू लागले, ग्राहक खूश झाले. त्या काळात मी पुण्यातल्या अशाच एका कंपनीत होतो आणि अंतर्गत ब्लॉगांची देखभाल माझ्याकडे होती. त्यामुळे ही कहाणी मला दुसऱ्या बाजूने ठाऊक आहे. ‘पब्लिश’चे बटण दाबण्याआधी कोणाचा घसा कोरडा पडायचा आणि दाबल्यावर कोणाच्या केबिनचे दार लागायचे, त्या बाजूने.

सुरुवात सन मायक्रोसिस्टिम्सपासून करू. ‘एक्सएमएल’ या मानकाच्या संपादकांपैकी एक असलेले टिम ब्रे २००४ च्या मार्चमध्ये तिथे रुजू झाले आणि थोड्याच काळात कर्मचाऱ्यांसाठी ब्लॉग खुले झाले. धोरणाचा गाभा साधा होता : आपल्या कामाबद्दल जगाला सांगा, आधी परवानगी मागत बसू नका, गुपिते मात्र फोडू नका. इथपर्यंतचा भाग प्रसिद्ध आहे. हे ब्लॉग ज्या सॉफ्टवेअरवर चालत, त्याची जन्मकथा मात्र फारशी सांगितली जात नाही. डेव्ह जॉन्सन नावाच्या प्रोग्रॅमरने २००२ मध्ये एका तांत्रिक लेखासाठी नमुना म्हणून ‘रोलर’ लिहिले होते. सनने ते उचलले आणि पाठोपाठ जॉन्सन यांनाच नोकरीवर घेतले. तिकडे आयबीएमनेही आपल्या अंतर्गत ब्लॉगांसाठी रोलरच निवडले. सर्व्हरच्या बाजारात या दोन कंपन्या एकमेकींचे ग्राहक पळवत होत्या आणि दोन्हीकडचे कर्मचारी एकाच माणसाच्या कोडवर आपले मन मोकळे करत होते!

या मोकळेपणातून काय निघू शकते, याचे माझे आवडते उदाहरण ३१ डिसेंबर २००८ चे आहे. सनचे इंजिनिअर ब्रेंडन ग्रेग डेटा सेंटरमध्ये डिस्कच्या रॅकजवळ तोंड नेऊन जिवाच्या आकांताने ओरडले. कॅमेरा सहकारी ब्रायन कॅन्ट्रिल यांच्या हातात होता. स्क्रीनवरचा आलेख एकदम उसळला, कारण आवाजाच्या कंपनाने डिस्कचे काम अडखळले होते. व्हिडिओ यूट्यूबवर गेला आणि जगभरच्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी तो एकमेकांना पाठवला. सनने त्याच नोव्हेंबरमध्ये स्टोरेजची नवी मालिका बाजारात आणली होती आणि हा आलेख काढणारे साधन त्या मालिकेचाच भाग होते. सादरीकरणांच्या स्लाइड्सना जे पटवता आले नसते, ते एका आरोळीने पटवले.

मायक्रोसॉफ्टमध्ये मात्र आधी एकाची नोकरी गेली. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये रेडमंडच्या आवारात छपाईचे काम करणाऱ्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याने अ‍ॅपलचे नवे जी-फाइव्ह संगणक तिथे उतरवले जात असल्याचा फोटो आपल्या ब्लॉगवर टाकला. जगाला गंमत वाटली. कंपनीने सुरक्षेचे कारण दाखवून त्याला घरी पाठवले. त्यानंतर सहा महिन्यांनी, २००४ च्या एप्रिलमध्ये, त्याच कंपनीने ‘चॅनल नाइन’ सुरू केले. कंपनीतलेच रॉबर्ट स्कोबल व्हिडिओ कॅमेरा घेऊन इंजिनिअरांच्या खोल्यांत शिरू लागले आणि आतले जग बाहेर दिसू लागले. हे नाव युनायटेड एअरलाइन्सच्या विमानांतून घेतलेले होते. तिथे नऊ नंबरच्या वाहिनीवर प्रवाशांना वैमानिकांचे संभाषण ऐकता येत असे आणि ते ऐकून घाबरट प्रवाशाचाही जीव भांड्यात पडत असे. ज्या आवारात फोटो काढल्याने नोकरी गेली होती, त्याच आवारात चित्रीकरण करणे आता पगारी काम झाले.

स्कोबल आपला ब्लॉगही लिहीत, तोही नावानिशी. त्याच आवारात जुलै २००४ पासून ‘मिनी-मायक्रोसॉफ्ट’ हा निनावी ब्लॉगही सुरू झाला. कंपनी फुगली आहे, ती बारीक करा, हे त्याचे मुख्य म्हणणे. अप्रेझलच्या बेल कर्व्हवर तो तुटून पडायचा, आणि सहकारी रात्री त्याच्या पानावर मनातली भडास ओतायचे. त्याच सुमारास कंपनीने खर्च वाचवण्यासाठी लॉकर रूममधले टॉवेल बंद केले होते. हजारो कोटी कमावणाऱ्या कंपनीने टॉवेल काढून घ्यावेत, हे लोकांच्या फार जिव्हारी लागले. पगारवाढीपेक्षा कधीकधी चहाच्या मशीनवरून ऑफिस जास्त पेटते, हे पुण्यातही मी पाहिले आहे. २००६ च्या मे महिन्यात मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख लिसा ब्रमेल यांनी मूल्यमापनातले बदल जाहीर केले आणि सोबत टॉवेलही परत आणले. मूल्यमापनाची सक्तीची वर्गवारी मात्र २०१३ च्या नोव्हेंबरपर्यंत टिकली. टॉवेल सात वर्षे आधी जिंकले. ‘मिनी’ म्हणजे कोण, हे कंपनीने कधीच जाहीर केले नाही.

आयबीएमचा किस्सा याच्या उलट वाटेने जातो. जुलै २००३ मध्ये कंपनीचे प्रमुख सॅम पाल्मिसानो यांनी ‘व्हॅल्यूजजॅम’ नावाने कंपनीच्या अंतर्गत नेटवर्कवर ७२ तासांची चर्चा उघडली. विषय होता : आपली कंपनी नेमकी कशासाठी उभी आहे? पहिल्या काही तासांत कडवट टीकेचाच पाऊस पडला. एका वरिष्ठ अधिकाऱ्याला तर ही चर्चा तिथेच बंद करावीशी वाटली. पाल्मिसानो यांनी ठाम नकार दिला. हळूहळू सूर बदलला आणि शेवटी सुमारे १० हजार प्रतिक्रिया जमल्या. २००५ मध्ये ब्लॉगसाठी नियम हवे झाले, तेव्हा आयबीएमने ते विकीवर कर्मचाऱ्यांनाच लिहायला सांगितले. ज्यांची चर्चा दोन वर्षांपूर्वी बंद पडायची वेळ आली होती, त्यांनीच लिहिलेले नियम पुढे इतर कंपन्यांनी नमुना म्हणून समोर ठेवले.

आता पुणे. आमच्याकडे अंतर्गत ब्लॉगला पॉइंट्स जोडले गेले : लेखाला इतके, प्रतिक्रियेला इतके, तिमाहीच्या शेवटी गिफ्ट व्हाउचर. झाले! दुपारच्या जेवणानंतर ‘छान माहिती, धन्यवाद’ या तीन शब्दांचा पूर लोटू लागला. दोन टीम एकमेकींची पाठ थोपटून यादीत वर चढल्या. रिलीज टीममधल्या एका अबोल सहकाऱ्याने मात्र एका बिघडलेल्या पॅचवर सरळ, थोडे चिडून लिहिलेले टिपण टाकले : कुठे अडेल, लॉगमध्ये काय दिसेल, आणि तेव्हा काय करायचे. त्याला एकही प्रतिक्रिया आली नाही, पॉइंट शून्य. महिनाभराने एका क्लायंट कॉलवर पलीकडचा माणूस तेच टिपण वाचून दाखवू लागला. आमची सपोर्टची मंडळी ते अनेक दिवस ग्राहकांना पाठवत होती.

हा मुलगा इतके नेमके कसे लिहितो, याचे कोडे पुढे सुटले. मराठी इंजिनिअरांचे लिहिण्याचे अंगण कंपन्यांनी ब्लॉग द्यायच्या कितीतरी आधीपासून तयार होते. ‘मायबोली’ १९९६ पासून होती, पुढे ‘मनोगत’ आणि ‘मिसळपाव’ आले. बे एरियापासून हिंजवडीपर्यंतची कोड लिहिणारी मंडळी तिथे रात्री ललित, पाककृती आणि भटकंतीवर लिहायची. आमचा हा सहकारी टोपणनावाने किल्ल्यांवर लिहीत असे. वाट कुठे चुकते, पाणी कुठे मिळते, हे सांगता सांगता त्याला पॅचबद्दल सांगायची शैली सापडली होती. आमचे मॅनेजर त्या लेखांचे जुने वाचक होते. शनिवारी ते छापून घेऊन ट्रेकला जात. आपला आवडता लेखक आपल्याच टीममध्ये बसतो, हे त्यांना त्याच्या निरोपाच्या दिवशी समजले.

मोठ्या मंडळींच्या भांडणातही असे थेट जाहीर लिहिणेच कामी आले. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ओरॅकलच्या ‘ओपनवर्ल्ड’ परिषदेत सेल्सफोर्सचे प्रमुख मार्क बेनिऑफ बोलणार होते. विषय होता ‘सोशल एंटरप्राइझ’. ओरॅकलने आयत्या वेळी त्यांचे भाषण दुसऱ्या दिवशी सकाळी आठवर ढकलले. बेनिऑफ यांनी ट्विटरवर ही बातमी फोडली आणि जवळच्याच सेंट रेजिस हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये मूळ दिवशीच सभा घेतली. ठरल्या वेळी ठरल्या जागी बोलले असते, तर एवढी चर्चा झाली नसती. त्याच दिवशी ओरॅकलचे प्रमुख लॅरी एलिसन मंचावर आले, सेल्सफोर्सवर सडकून टीका केली आणि ओरॅकलच्या नव्या सेवा जाहीर केल्या. त्यांत ‘ओरॅकल सोशल नेटवर्क’ही होते.

ओरॅकलचाच पुढचा किस्सा २०१५ च्या ऑगस्टमधला. कंपनीच्या सुरक्षा प्रमुख मेरी अ‍ॅन डेव्हिडसन यांनी ग्राहकांना ब्लॉगवर खडसावले : आमचा कोड उलगडून त्यातल्या त्रुटी शोधू नका, परवान्यात ते बसत नाही. एकच गदारोळ उठला. कंपनीने लेख काढून टाकला आणि ही आमची भूमिका नाही, असे जाहीर केले. पण प्रती केव्हाच पसरल्या होत्या. त्याच सुरातली खोटी फर्माने लिहिण्याची स्पर्धा ट्विटरवर लागली. काढून टाकल्यानंतर तो लेख जितका वाचला गेला, तितका एरवी सुरक्षा विभागाचा ब्लॉग कोण वाचते?

सगळ्यात महाग पडलेला लेख मात्र कौतुकाचा होता. सनचे प्रमुख जोनाथन श्वार्ट्झ स्वतः नियमित लिहीत. कंपनीची माहिती ब्लॉगवरून जाहीर करू द्या, असे त्यांनी २००६ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाला सुचवले, तेव्हा अध्यक्ष ख्रिस्तोफर कॉक्स यांचे उत्तर श्वार्ट्झ यांच्या ब्लॉगवरच प्रतिक्रिया म्हणून आले. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये गुगलने अँड्रॉइड जाहीर केले आणि श्वार्ट्झ यांनी त्याच ब्लॉगवर मनापासून अभिनंदन केले. २०१० च्या जानेवारीत सन ओरॅकलच्या ताब्यात गेली. फेब्रुवारीत श्वार्ट्झ यांनी ट्विटरवर एका हायकूतून राजीनामा कळवला. त्याच ऑगस्टमध्ये ओरॅकलने सनकडून आलेल्या ‘जावा’ या प्रोग्रॅमिंग भाषेच्या अँड्रॉइडमधल्या वापरावरून गुगलला कोर्टात खेचले. आणि सनचा आक्षेप नव्हता हे दाखवायला कोर्टात गुगलने पुढे केला तो अभिनंदनाचा लेख. एव्हाना तो ओरॅकलच्या सर्व्हरवरून नाहीसा झाला होता. २०१२ च्या एप्रिलमध्ये श्वार्ट्झ साक्षीलाही आले. खटला पुढे २०२१ पर्यंत चालला आणि सर्वोच्च न्यायालयात गुगलने तो वेगळ्या मुद्द्यावर जिंकला. आपणच विकत घेतलेल्या कंपनीच्या ब्लॉगशी ओरॅकलला कोर्टात लढावे लागले.

हे सगळे जवळून पाहिल्यावर माझे मत पक्के झाले आहे. कर्मचाऱ्याचे लिहिणे कंपनीला अडचणीत आणते हे खरे. पण ते दाबायचा प्रयत्न प्रत्येक वेळी जास्त महाग पडतो. पाल्मिसानो यांनी चर्चा चालू ठेवली, म्हणून त्यांना नियम मिळाले. ओरॅकलने लेख काढला, तर तो दुप्पट पसरला. आज बहुतेक कंपन्यांत जनसंपर्क विभाग मजकूर तयार करून देतो आणि कर्मचारी तो आपल्या नावाने चिकटवतात. त्यातून कोणाचाही अडलेला पॅच सुटत नाही.

म्हणून मॅनेजर मंडळींना सांगणे एवढेच : नावडता लेख दिसला तर काढण्याआधी त्याला उत्तर द्या. आणि तुम्ही जे कोड लिहिता, सपोर्टचे फोन घेता, रात्री प्रॉडक्शन सांभाळता, त्यांनी आपण सोडवलेली अडचण लिहून ठेवा, तीही आपल्या नावाने. जे गोपनीय नाही, त्याची एक प्रत कंपनीच्या सर्व्हरबाहेर राहू द्या. कंपन्या विकल्या जातात आणि त्यांच्याबरोबर सर्व्हरही जातात.