पत्र्यावरचे शुल्क आणि मावळतीचा आढावा

भायंदरला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत. पॉलिशच्या मोटारींचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येतो आणि आत प्रेसवर गोल पत्र्यांचे डबे, पातेली, वाट्या होत असतात. अशाच एका गाळ्यात काही वर्षांपूर्वी एका कारखानदाराने मला विचारले, ‘‘साहेब, माल पाडून विकतो तो परदेशातला कारखाना. मग दंड माझ्या खिशातून का?’’

तो ज्याला दंड म्हणत होता, ते होते अँटी-डंपिंग शुल्क. प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला मला अर्धा तास लागला. ते उत्तर आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम डंपिंग म्हणजे काय ते पाहू. परदेशी माल स्वस्त आहे, एवढ्याने डंपिंग ठरत नाही. एखादा कारखाना आपल्या देशात जो माल 200 रुपयांना विकतो, तोच भारताला 160 रुपयांना विकत असेल, तर मधल्या 40 रुपयांच्या फरकाला डंपिंग म्हणतात. जगात असे का घडते? पोलादाची भट्टी बंद ठेवणे फार महाग पडते. देशात मागणी मंदावली की जादा माल मिळेल त्या भावाने बाहेर काढला जातो. आज जगातील निम्म्याहून अधिक पोलाद एकटा चीन बनवतो. 2015 मध्ये त्याने 11 कोटी टनांहून अधिक पोलाद निर्यात केले आणि 2024 मध्ये ही निर्यात पुन्हा त्याच घरात पोहोचली. एवढा माल समुद्रावर आला की प्रत्येक देश आपापले दार लोटून घेऊ लागतो.

यावरचा कायदा नवा नाही. असा पहिला कायदा कॅनडाने 1904 मध्ये केला. आपल्याकडे 1975 च्या सीमाशुल्क दर कायद्यातील कलम 9अ आणि 1995 चे नियम यांच्या आधारे हे शुल्क लावले जाते. 1995 मध्येच जागतिक व्यापार संघटना आली आणि तिच्या करारानेही सदस्य देशांना हा अधिकार दिला, अटी घालून.

आता त्या कारखानदाराच्या प्रश्नाकडे वळू. कायद्याच्या भाषेत हा दंड नव्हेच. परदेशातला कारखाना आपल्या कायद्याच्या हाताबाहेर असतो. आपल्या हातात असते ते फक्त बंदर. तेथे माल सोडवून घेणारा आयातदार पैसे भरतो, तो ते किमतीत धरतो आणि शेवटी पत्रा विकत घेणाऱ्यापर्यंत तो भार येतो. इतकेच नव्हे, आयात महागली की देशी गिरणीलाही आपला भाव थोडा वर नेता येतो. म्हणजे ज्याने कधीच परदेशी पत्रा घेतला नाही, त्यालाही या शुल्काची झळ लागते.

म्हणूनच कायद्याने या शुल्काभोवती कुंपणे घातली आहेत. डंपिंग होते आहे, देशी उद्योगाची हानी होते आहे आणि ती हानी डंपिंगमुळेच होते आहे, या तिन्ही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. उद्योगाची मागणी म्हणजे एकट्यादुकट्याची तक्रार चालत नाही. तिला पाठिंबा देणाऱ्यांचे उत्पादन देशातील एकूण उत्पादनाच्या किमान 25 टक्के असावे लागते. डंपिंगचा फरक 2 टक्क्यांहून कमी असेल, तर चौकशी तेथेच थांबते.

चौथे कुंपण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. वरच्या उदाहरणात फरक 40 रुपयांचा होता. पण समजा, देशी गिरणीला योग्य परतावा मिळण्यासाठी 190 रुपये भाव पुरेसा आहे आणि परदेशी माल आपल्या बंदरात 165 रुपयांना पडतो आहे. मग शुल्क 40 नव्हे, 25 रुपयेच लागते. हानी भरून निघेल तेवढेच, त्याहून जास्त नाही. आता हा ‘योग्य परतावा’ किती? गुंतवलेल्या भांडवलावर 22 टक्के, अशी आपल्याकडची प्रथा आहे. पत्रा वापरणारे उद्योग या आकड्यावर वर्षानुवर्षे आक्षेप घेत आले आहेत. बँकेच्या कर्जावर चालणाऱ्या लहान कारखानदाराला 22 टक्के परताव्याचे स्वप्नही पडत नाही, हे त्यांचे म्हणणे मला अगदीच गैर वाटत नाही.

पाचवे कुंपण काळाचे. हे शुल्क 5 वर्षांनी आपोआप संपते. ते पुढे चालू ठेवायचे असेल तर फेरआढावा घ्यावा लागतो. इंग्रजीत त्याला ‘सनसेट रिव्ह्यू’ म्हणतात. आपण मावळतीचा आढावा म्हणू.

हे सारे प्रत्यक्षात कसे घडते, ते स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यावरून पाहता येते. 600 ते 1250 मिलिमीटर रुंदीच्या कोल्ड-रोल्ड स्टेनलेस पत्र्यावर 2009 मध्ये प्रथम तात्पुरते शुल्क लागले आणि 2010 मध्ये ते पक्के झाले. मुदत सरल्यावर आढावा झाला. डिसेंबर 2015 मध्ये चीन, कोरिया, तैवान, थायलंड, दक्षिण आफ्रिका, अमेरिका आणि युरोपीय संघ येथून येणाऱ्या पत्र्यावर ते आणखी 5 वर्षांसाठी लावले गेले. दर होते 4.58 टक्क्यांपासून 57.39 टक्क्यांपर्यंत.

पण व्यापारी हुशार असतो. शुल्क 1250 मिलिमीटरपर्यंतच होते ना? मग त्याहून रुंद पत्रा मागवायचा आणि येथे आणून कापून घ्यायचा! देशी उद्योगाने तक्रार केली, चौकशी झाली आणि ऑक्टोबर 2017 मध्ये शुल्क रुंद पत्र्यालाही लागू करण्यात आले. कुंपणाला भोक पडले की ते बुजवण्याची अशी सोय नियमांतच आहे.

आता मावळतीच्या आढाव्यात काय तपासतात? येथे एक पेच आहे. शुल्क नीट काम करत असेल, तर डंपिंगचा माल येणे थांबलेले असते आणि देशी गिरणीही सावरलेली असते. म्हणजे पुरावाच उरलेला नसतो. म्हणून या आढाव्यात प्रश्न भूतकाळाचा नसतो, भविष्याचा असतो. शुल्क काढले तर डंपिंग आणि हानी पुन्हा सुरू होण्याची शक्यता आहे का? त्यासाठी परदेशी कारखान्यांची रिकामी क्षमता किती, ते इतर देशांना कोणत्या भावाने विकतात, कोणकोणत्या देशांनी त्यांच्यावर शुल्क लावले आहे, हे पाहिले जाते. आधार आकड्यांचाच असतो. पण शेवटी तो एक अंदाज असतो.

काळाच्या बाबतीत मात्र कायदा कडक आहे. आढावा मुदतीत सुरू झाला, तर जुने शुल्क आणखी 1 वर्षापर्यंत चालू ठेवता येते. पण ते चालू ठेवण्याची अधिसूचना मूळ मुदत संपण्याआधीच निघावी लागते. कोरियातून येणाऱ्या एका प्रकारच्या रबराच्या प्रकरणात आढावा वेळेत सुरू झाला, अधिसूचना मात्र शुल्क संपल्यावर निघाली. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये ती अवैध ठरवली. संपलेल्या शुल्कात नुसत्या अधिसूचनेने पुन्हा जीव घालता येत नाही, असा त्याचा अर्थ.

चौकशी आणि निर्णय यांची दारेही वेगळी आहेत. चौकशी करते वाणिज्य मंत्रालयाचे व्यापार उपाय महासंचालनालय. दिल्लीत संसद मार्गावरील जीवन तारा इमारतीत त्याचे कार्यालय आहे. 2018 मध्ये त्याला हे नाव मिळाले. ते फक्त शिफारस करते. शुल्क लावायचे की नाही, हे अर्थ मंत्रालय ठरवते. 2020 नंतरच्या काही वर्षांत शिफारस होऊनही शुल्क न लागल्याची उदाहरणे वाढली. फेब्रुवारी 2021 च्या अर्थसंकल्पात काही पोलादी मालावरील अँटी-डंपिंग शुल्क आणि परदेशी सरकारच्या अनुदानाला उतारा म्हणून लावलेले शुल्क तात्पुरते बाजूला ठेवण्यात आले. फेब्रुवारी 2022 मध्ये ते कायमचे काढले गेले. त्यात स्टेनलेस स्टील, मुलामा दिलेला पत्रा, मिश्र पोलादाच्या सळ्या आणि ड्रिल-टॅप बनवायला लागणारे हायस्पीड स्टील होते. धातूंचे भाव फार चढले आहेत आणि व्यापक जनहित त्यातच आहे, हे कारण सरकारने दिले.

याचा अर्थ सरकारने दार कायमचे उघडले, असा नव्हे. मार्च 2025 मध्ये चीनहून येणाऱ्या अॅल्युमिनियम फॉइलवर 6 महिन्यांसाठी तात्पुरते शुल्क लागले, टनामागे 873 डॉलरपर्यंत. पोळ्या गुंडाळायला आणि औषधांच्या गोळ्यांच्या पाकिटांना लागते तेच हे फॉइल. बाजार बदलतो तशी पारडी वरखाली होतात.

मग योग्य काय? मला दोन्ही बाजू दिसतात. देशी गिरणी एकदा बंद पडली, की तोच परदेशी विक्रेता उद्या भाव चढवील आणि तेव्हा भायंदरच्या गाळ्याला पर्याय उरणार नाही. उलट शुल्क वर्षानुवर्षे चालू राहिले, तर गिरणी वाचते, पण गाळा मरतो, आणि तयार भांडीच परदेशातून येऊ लागतात. पत्र्यावरचे शुल्क पातेल्याला लागत नाही, हे विसरून चालणार नाही. म्हणूनच दर 5 वर्षांनी होणारा हा आढावा केवळ कागदोपत्री उरकू नये.

पण त्या आढाव्यात बोलते कोण? गिरण्यांकडे वकील असतात, लागत-लेखापाल असतात, वर्षावर्षाचे आकडे असतात. माल वापरणाऱ्या उद्योगांनाही तेथे म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. त्यांच्यासाठी वेगळी प्रश्नावली असते, तोंडी सुनावणी असते, गोपनीय भाग वगळून इतर कागद पाहायला मिळतात. निर्णय मान्य नसेल तर अपील लवादाकडे जाता येते. मी त्या भायंदरच्या कारखानदाराला विचारले, ‘‘तुम्ही कधी काही लिहून पाठवलेत?’’ तो म्हणाला, ‘‘आढावा कधी होता, हेच आम्हाला कळले नाही.’’

एकट्या गाळेवाल्याला दिल्ली गाठणे शक्य नाही, हे खरे. पण त्याची संघटना गाठू शकते. पत्र्याचा भाव किती वाढला, त्यामुळे किती ऑर्डरी गेल्या, किती कामगार कमी करावे लागले, एवढे तीन आकडे सर्वांनी मिळून लिहून दिले, तरी चौकशी अधिकाऱ्याला त्यांची नोंद घ्यावी लागते. दुसऱ्या बाजूचे आकडे समोर आलेच नाहीत, तर निर्णय एका बाजूच्या आकड्यांवर होणार. शुल्काची मुदत अधिसूचनेत लिहिलेली असते. ती तारीख आपल्या गाळ्यातल्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा, एवढेच मी त्या दिवशी त्याला सांगितले.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)