आठ बटणं, पाच तारा : जुन्या व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरमधला बिघाड कसा शोधायचा?

आधी एक कोडं. जुन्या व्हिडिओ गेमचा कंट्रोलर हातात घ्या. त्यावर बटणं किती? वर, खाली, डावीकडे, उजवीकडे ही चार, मग सिलेक्ट, स्टार्ट, ए आणि बी. झाली आठ. आता केबल सोलून बघितली तर आत तारा फक्त पाच! त्यातल्या दोन तर वीज नेण्या-आणण्यातच गेल्या. मग उरलेल्या तीन तारांवरून आठ बटणांची खबर कशी जाते?

हे कोडं आमच्याकडे आलं ते आठवीतल्या एका मुलामुळे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी जे पिवळ्या कॅसेटचे गेम होते, '९९९९ इन वन' वाले, तसाच एक सेट त्याच्या वडिलांनी माळ्यावरून काढला. हे सेट म्हणजे निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉमच्या नकला. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आला. तर, बापलेक रविवारी खेळायला बसले आणि पहिल्या खेळाडूचा कंट्रोलर विचित्र वागायला लागला. मारिओला उडी मारायला ए दाबलं की खेळच थांबायचा. पुन्हा दाबलं की सुरू. बाकीची सातही बटणं ढिम्म. दुरुस्तीच्या दुकानात सांगितलं, "आतला आयसी गेलाय, टाकून द्या, आता मिळत नाही." वडिलांनी सेट भंगारात द्यायला काढला. मुलगा तो पिशवीत घालून शाळेत घेऊन आला.

मी त्याला म्हटलं, थांब. कंट्रोलर काय करतोय ते नीट बघ, बिघाड कुठे आहे ते तोच सांगतोय.

आता कोड्याचं उत्तर. कंट्रोलरच्या आत एक छोटी चिप असते. मूळ कंट्रोलरमध्ये ती ४०२१ नंबरची असते, नकलांमध्ये बहुधा काळ्या डांबरासारख्या ठिपक्याखाली दडलेली असते, पण काम तेच. याला शिफ्ट रजिस्टर म्हणतात. वर्गाची हजेरी डोळ्यासमोर आणा. आठ मुलं रांगेत उभी आहेत, क्रम ठरलेला : ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. गुरुजी ओरडतात, "जसे आहात तसे स्तब्ध!" ही झाली लॅचची तार. त्या क्षणी कोणतं बटण दाबलेलं आहे ते चिप पकडून ठेवते. दारात उभा असलेला पहिला मुलगा 'दाबलंय' किंवा 'नाही' एवढंच सांगतो, ते डेटाच्या तारेवरून जातं. मग गुरुजी म्हणतात, "पुढचा!" ही क्लॉकची तार. रांग एक पाऊल सरकते, दुसरा मुलगा दारात येतो. असं करत आठही उत्तरं मिळाली की हजेरी पूर्ण. आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीत ही हजेरी साधारणपणे सेकंदाला ५० वेळा होते, त्यामुळे आपल्याला वाटतं सगळं एकदम घडतंय.

आता सांगा, गुरुजींचं "पुढचा!" मुलांना ऐकूच गेलं नाही तर?

रांग सरकणार नाही. दारात ए उभा, तोच आठ वेळा उत्तर देणार. ए दाबलेलं असेल तर कन्सोलला वाटणार आठही बटणं दाबली आहेत, स्टार्टसकट! म्हणून खेळ थांबतो. आणि ए मोकळं असेल तर बाकी काहीही दाबा, उत्तर 'नाही'च. म्हणजे त्या मुलाच्या कंट्रोलरचा आजार होता क्लॉकच्या तारेचा. चिप गेली असती तर एवढं शिस्तीत वागली नसती. हे त्या मुलानेच फळ्यावर रांग काढून ओळखलं, मी फक्त खडू दिला.

इतर लक्षणंही अशीच लावून बघा. डेटाची तार तुटली तर गुरुजींना काहीच ऐकू येत नाही, सगळी बटणं मेलेली. लॅच तुटली तर आपोआप बटणं दाबली जातात, काही नेम नसतो. वीज किंवा अर्थ तुटला तरी तसाच गोंधळ किंवा पूर्ण शांतता. आणि एकच बटण चालत नसेल तर तारांकडे बघूच नका, दोष त्या बटणाखालीच आहे.

पण कंट्रोलर उघडण्याआधी एक काम करायचंच : अदलाबदल. सेट बंद करून दुसरा कंट्रोलर पहिल्याच्या जागी लावा. दोष तिथेच राहिला तर कन्सोलमध्ये, कंट्रोलरबरोबर गेला तर कंट्रोलरमध्ये. काही सेटच्या दुसऱ्या कंट्रोलरला स्टार्ट-सिलेक्ट नसतातच, तेव्हा एखाद्या मित्राकडून पूर्ण कंट्रोलर मागून आणा. मात्र नऊ पिनांचा प्लग दिसला म्हणून दुसऱ्या कंपनीचा कंट्रोलर खुपसू नका. आकार सारखा असला तरी आतली जोडणी वेगळी असते. (मूळ जपानी फॅमिकॉमचे कंट्रोलर यंत्रालाच कायमचे जोडलेले होते, तिथे ही युक्ती बाहेरून चालत नाही.)

आमचा दोष कंट्रोलरबरोबर गेला. मग स्क्रू काढले, आतल्या तारांचा मोबाईलवर फोटो घेतला. हे विसरू नका, कारण नकलांमध्ये रंगांवर भरवसा ठेवता येत नाही. मल्टिमीटर 'बीप'वर ठेवून एक टोक प्लगच्या पिनेवर, दुसरं आतल्या टाक्यावर. पाच तारा, पाच वेळा बीप यायला हवा. आमच्याकडे चार आले. पाचवी तार कंट्रोलरच्या मानेपाशी, जिथे केबल सतत वाकते, तिथे वाकवली की बीप यायचा आणि सोडली की जायचा. वरचं रबर अगदी धड, आत तांबं तुटलेलं. मानेपासून दोन-तीन इंच केबल कापली, पाचही तारा सोलून फोटोप्रमाणे पुन्हा डाग दिला. केबल थोडी आखूड झाली, एवढंच.

एकच बटण मेलं असेल तर ते सोपं आहे. पट्टीवर त्या बटणाखाली दोन छोटे पट्टे शेजारी दिसतील, ते चिमट्याच्या टोकाने जोडा. खेळात बटण लागलं तर पट्टी ठीक, रबराखालची काळी टिकली मळलीय किंवा झिजलीय. ओल्या फडक्याने हलकेच पुसा, पूर्ण वाळू द्या. चिमट्यानेही लागलं नाही तर पट्टीवरचा रस्ता तुटलाय. नकलांमध्ये हे पट्टे काळ्या कार्बनचे असतात, त्यांवर पॉलिश पेपर घासाल तर धड असलेलंही निघून जाईल. हे मी स्वतः केलंय, एका चांगल्या पट्टीची वाट लावून.

सोमवारी मुलगा सांगत आला, रात्री साडेअकरापर्यंत खेळले दोघं, आई ओरडली तेव्हा उठले. आता दुसऱ्या कंट्रोलरचं डावं बटण मधूनच अडकतंय. त्याला विचारलं, "एकच बटण?" तो म्हणाला, "एकच, सर. चिमटा घेऊन येऊ का?"