शेतकरी आठवडे बाजार : मदत संस्थेची, काटा आपला



जुलै २०१६ पासून महाराष्ट्रात फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेरही विकता येतो. शेतकरी आठवडे बाजार भरवायला त्यामुळं वाट मोकळी झाली. पण जागेची परवानगी, सावली, पाणी, झाडलोट अन् गिऱ्हाइकाला वर्दी, एवढं सगळं एकट्या शेतकऱ्याला झेपत नाही. इथं शहरातली सेवाभावी संस्था, तरुण मंडळ किंवा महिला मंडळ कामी येतं. ही कामं त्यांच्यावर सोपवा. पालापाचोळ्याचं खत करणं, उरलेली भाजी वसतिगृहाला पोचवणं, हेही ती करू शकतात. बचत गटांच्या पापड-लोणच्यांनाही शेजारी जागा द्या. त्यांची अन्नसुरक्षा नोंदणी तेवढी बघून घ्या.

मात्र काही गोष्टी आधीच ठरवा :

१. संस्थेनं गाळ्यामागं ठराविक रक्कम घ्यावी, विक्रीवर टक्का नको. विक्री शंभराची होवो की हजाराची, झाडलोट तेवढीच लागते. टक्का सुरू झाला की अडत नव्या नावानं परत आली म्हणून समजा.

२. गाळा सातबारा किंवा शेतकरी गटाचा दाखला पाहूनच द्यावा. नाहीतर व्यापारीच शेतकरी म्हणून येऊन बसेल.

३. विक्रीला घरचं माणूस बसवा. काट्यावरचा वैधमापनाचा शिक्का मुदतीतला असावा, भाव पाटीवर लिहावा.

४. संस्थेनं जमाखर्च दर महिन्याला सर्वांसमोर वाचावा.

एवढं ठरवूनच पहिला बाजार भरवा.