खेळामागचं गणित, भाग 7 : सीझनभरात फिट्टंफाट होते का?

मागच्या भागात गुणतक्त्यात दोन संघ बरोबरीला आले की वर कोण, हे पाहिलं. 2020-21 च्या इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान यांचे 40-40 गुण झाले होते. आपसातले दोन्ही साखळी सामने मुंबईने जिंकले होते, म्हणून लीग विनर्स शील्ड मुंबईकडे आली. तो भाग वाचून घोडबंदरच्या आमच्या मैदानावरच्या एका पोराने मला विचारलं, "काका, गुण सारखे झाले ते कळलं. पण रेफ्रीने कोणाला किती दिलं, तेही शेवटी सारखं होतं का?"

मी तोंड उघडायच्या आत त्याच्या कोचने उत्तर दिलं : "सीझनभरात होते फिट्टंफाट. आज त्यांना पेनल्टी, उद्या आपल्याला."

हे वाक्य मी घोडबंदर किल्ल्याच्या पायथ्याशी ऐकलंय, मुंबई सिटीच्या अंधेरीतल्या मैदानाच्या स्टँडमध्ये ऐकलंय, आणि हरून रडणाऱ्या मुलांना मी स्वतःही किती वेळा सांगितलंय. मनापासून सांगितलंय. पण आता मला ते चुकीचं वाटतं.

आधी रेफ्री अगदी निःपक्षपाती आहे असं धरू. सीझनमध्ये 22 सामने, प्रत्येक सामन्यात एकच मोठा चुकीचा निर्णय, आणि तो कोणाच्या बाजूने जाईल हे निव्वळ छापा-काटा. आपल्याला 11 आणि समोरच्यांना 11, अशी अगदी बरोबर वाटणी किती वेळा होईल? शंभर सीझनपैकी साधारण 17 वेळा. उरलेल्या 83 मध्ये कोणाचं तरी पारडं जड राहतं. त्यातही निम्म्याहून जास्त सीझनमध्ये फरक चार निर्णयांचा किंवा त्याहून मोठा असतो, म्हणजे 13 विरुद्ध 9 किंवा त्याहून वाईट. घरी एक रुपयाचं नाणं 22 वेळा उडवून पाहा. चार-पाच वेळा हा खेळ केलात की माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवायची गरजच उरणार नाही.

"मग सीझन लांब केला तर?" हा पुढचा प्रश्न हमखास येतो. इंग्लंडच्या अव्वल लीगमध्ये 38 सामने असतात. तिथे 19-19 अशी वाटणी शंभरात फक्त 13 वेळा होईल, म्हणजे आपल्याहूनही कमी. गोंधळ होतो तो इथेच. नाणं जितकं जास्त उडवू तितकं छाप्याचं प्रमाण निम्म्याजवळ येतं, हे खरंच आहे. पण छापा आणि काटा यांच्या संख्येतला फरक मिटत नाही, तो सरासरीने वाढत जातो. सामने चौपट केले तर फरक साधारण दुप्पट होतो. एकूण संख्येच्या मानाने तो लहान दिसतो, एवढंच. आणि नाण्याला आठवण नसते. गेल्या रविवारी आपल्यावर अन्याय झाला म्हणून या रविवारी ते आपलं काही देणं लागत नाही. गुणतक्ता मात्र टक्केवारी पाहत नाही, गुण मोजतो. 2023-24 मध्ये मोहन बागानचे 48 गुण झाले आणि मुंबईचे 47. बावीस सामन्यांच्या शेवटी फरक एका गुणाचा. शील्ड कोलकात्याला गेली.

आतापर्यंत सगळे निर्णय एकाच वजनाचे धरले. तसे ते नसतात. 20 डिसेंबर 2023 चा अंधेरीचा सामना आठवा, मुंबई सिटी विरुद्ध मोहन बागान. सात रेड कार्डं निघाली : मुंबईला चार, बागानला तीन. नुसती मोजली तर जवळजवळ फिट्टंफाट. पण मुंबईचा आकाश मिश्रा तेराव्या मिनिटालाच बाहेर गेला. बागानचे आशिष राय आणि लिस्टन कुलासो उत्तरार्धात काही मिनिटांच्या अंतराने गेले, आणि काही कार्डं तर शेवटची शिट्टी वाजल्यावर निघाली. तेराव्या मिनिटाचं कार्ड म्हणजे पाऊण तासाहून कितीतरी जास्त वेळ एक माणूस कमी. शिट्टीनंतरच्या कार्डाने त्या सामन्यात काहीच बदलत नाही, ते पुढच्या सामन्याला भोवतं. ती कार्डं बरोबर होती की चूक, हा वाद मी इथे उकरत नाही. मुद्दा एवढाच, की रेड कार्डासमोर रेड कार्ड ठेवून हिशेब लागत नाही. मिनिट कितवं, स्कोअर काय, पुढे कोणता सामना, हे सगळं त्या एका निर्णयाला चिकटून येतं.

आता रेफ्री नाण्यासारखा असतो का, ते पाहू. 2002 मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावरच्या एका सामन्यातले 47 टॅकल 40 प्रशिक्षित रेफ्रींना दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी लिव्हरपूलविरुद्ध सुमारे 15 टक्के कमी फाउल दिले. त्यांच्यात कोणी लबाड नव्हता. हजारो माणसं एकदम ओरडली की माणसाचा हात शिट्टीकडे जाताना थबकतो, आणि ते त्याचं त्यालाही कळत नाही. पुढे 2020 मध्ये करोनामुळे युरोपात रिकाम्या मैदानांवर सामने झाले, तेव्हा पाहुण्या संघांना जास्त पिवळी कार्डं मिळण्याचा जुना प्रकार बराचसा ओसरला.

घरचे सामने सगळ्यांनाच सारखे मिळतात, तेव्हा निदान हे तरी फिट्टंफाट होत असेल? सामन्यांची संख्या सारखी असते, गर्दी सारखी नसते. अंधेरीच्या मैदानात काही हजार माणसं मावतात. 15 एप्रिल 2024 ला शील्ड ठरवणाऱ्या सामन्यात कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर साठ हजारांहून जास्त लोक होते.

आणि बाद फेरीत तर सीझन नावाची गोष्टच संपते. 3 मार्च 2023, बंगळुरू. जादा वेळेत यजमान बंगळुरूच्या सुनील छेत्रीने फ्री किक झटकन मारली आणि बॉल जाळ्यात गेला. आम्ही तयार नव्हतो, असं म्हणत केरळ ब्लास्टर्स मैदान सोडून गेले. भारतीय फुटबॉल महासंघाने ब्लास्टर्सना चार कोटींचा दंड केला आणि प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांच्यावर दहा सामन्यांची बंदी घातली. बंगळुरू पुढे उपांत्य फेरीत आलं आणि शील्ड जिंकलेल्या मुंबईला पेनल्टी शूटआउटमध्ये 9-8 ने हरवून गेलं. फ्री किक घाईने मारायला नियमात मुभा आहे, रेफ्रीचा निर्णय तुम्ही चूक धरा किंवा बरोबर. पण ब्लास्टर्सना त्याची भरपाई करून देणारा पुढचा रविवार कुठून आणायचा?

फिट्टंफाट होते असं म्हटलं की नोंद ठेवायची गरज उरत नाही, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. रेफ्रीवरही तो अन्याय आहे. त्याची चूक कुठे होते, कोणत्या कोनातून दिसत नाही, थकल्यावर कितव्या मिनिटाला होते, हे त्याला कोणी दाखवतच नाही. दर वेळी फक्त शिव्या, नाहीतर हे सांत्वन. आणि आपल्याविरुद्ध गेलेले निर्णय आपण जन्मभर जपतो, बाजूने गेलेले चहा संपेपर्यंतसुद्धा लक्षात राहत नाहीत.

म्हणून यंदा मैदानावर एक वही ठेवली आहे. रकाने चार : मिनिट, स्कोअर, काय घडलं, कोणाचा फायदा. लिहायचं काम त्या प्रश्न विचारणाऱ्या पोराकडे आहे. पहिली नोंद त्याने मला न विचारता केली. मिनिट 31, स्कोअर 0-0, पेनल्टी बॉक्समध्ये बॉल हाताला लागला, शिट्टी नाही. चौथ्या रकान्यात लिहिलंय : "आपला."