बाटलीवरचे १४ दिवस

आपल्याकडे एके काळी डॉक्टरांचा कंपाउंडर बाटलीत मिक्श्चर भरायचा आणि कडेला खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. एक खाच, एक डोस. अमेरिकेत औषध बनवून देण्याचे हे काम फार्मसीत अजून चालते: गोळी गिळता न येणाऱ्या बाळाला ओमेप्राझोलचे पातळ औषध, तोंड आलेल्याला गुळण्यांचे मिश्रण, कुणाला मलम. या कामाचे नियम ‘युनायटेड स्टेट्स फार्माकोपिया’च्या ७९५व्या प्रकरणात आहेत. त्याची सुधारित आवृत्ती १ नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाली. इंजेक्शने आणि डोळ्यांचे थेंब यात येत नाहीत; ते निर्जंतुकच लागतात आणि त्यांचे प्रकरण वेगळे आहे.

तारखेचा हिशेब

खेड्यातल्या फार्मसीला सर्वांत जास्त जाणवतो तो मुदतीचा नियम. पाणी असलेले औषध परिरक्षकाशिवाय फ्रिजमध्ये १४ दिवस, परिरक्षक घातले तर ३५ दिवस. तेलातले पोटात घ्यायचे औषध ९० दिवस; कॅप्सूल किंवा पाणी नसलेले मलम १८० दिवस. मूळ औषधच लवकर बिघडणारे असेल, तर मुदत आणखी कमी.

मोन्टानातल्या एखाद्या रँचवरून दुकान ८० किलोमीटरवर असेल, तर १४ दिवस म्हणजे महिन्यात दोन खेपा. परिरक्षक असलेले तयार सिरप वापरले की एका खेपेत महिना निघतो. पण नवजात बाळाला बेंझिल अल्कोहोलसारखी परिरक्षके घातक ठरू शकतात; तिथे खेपा घालणे आलेच. मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते, मात्र त्यासाठी औषध टिकते याची चाचणी हवी, आणि पाणी असेल तर जंतू वाढत नाहीत याचीही.

माणूस एकच

या कामाची जबाबदारी एका नेमलेल्या व्यक्तीवर हवी आणि दर १२ महिन्यांनी प्रशिक्षण, परीक्षा. दुकानात बनवणारा एकटाच असेल तर? नियमाने त्याचाही विचार केला आहे: आपण प्रशिक्षण घेतले आणि काम जमते, याची लेखी नोंद त्याने स्वतः ठेवायची. कागद वाढतो हे खरे. पण एकटा माणूस आजारी पडला, तर बदलीवर आलेल्याला तीच वही वाट दाखवते.

जागा

वेगळी खोली लागत नाही, हा मोठा दिलासा. जागेची हद्द दिसली पाहिजे आणि खाली गालिचा नको. हात किमान ३० सेकंद धुवायचे, हातमोजे घालायचे, तापमान रोज नोंदवायचे. पूड उडणार असेल तर महाग कपाटाऐवजी एकदाच वापरायची बंद पिशवीही चालते. तिच्या आत हात घालून वजन करता येते.

चेरीचा स्वाद

अंमलबजावणी राज्याच्या फार्मसी मंडळाकडे असते आणि तिथेच गंमत आहे. मुलाच्या कडू औषधात चेरीचा स्वाद मिसळणे हेही फार्माकोपियाच्या मते औषध बनवणेच. काही राज्यांनी त्याला सूट दिली. त्यामुळे राज्याच्या सीमेच्या एका बाजूला ते चार थेंब वहीत चढतात आणि दुसऱ्या बाजूला ते नुसती चव असतात.